सीट चार बोटांवर अडली

हेरमामांच्या कार्डावर, नावाच्याही वर, जाड अक्षरांत छापलेलं होतं : 'अशक्य केसेस घेतल्या जातील. शक्य केसेससाठी वेळ नाही.' त्याखाली बारीक टायपात : 'दृष्टी गरुडाची, नाक श्वानाचं, स्मरणशक्ती हत्तीची.' एवढी जनावरं कोंबल्यावर माणसाला जागा कुठे उरणार, असं त्यांची सख्खी बहीण म्हणायची.

"मी गुप्तहेर झालो नाही, भाऊजी," गुरुवारी सकाळी मामा कटिंगच्या टेबलावर बसून सांगत होते. "मी तसा जन्मलोच. जन्मल्यावर म्हणे मी रडलो नाही. आधी खोलीभर नजर फिरवली."

"नर्सवर संशय घेतला असेल," आतून काजं करता करता बहीण म्हणाली.

मामांनी ते ऐकलं नाही. स्वतःबद्दलचं चांगलं तेवढं ऐकायचं, अशी त्यांच्या श्वानासारख्या कानांना सवय होती. कार्डावर कान नव्हते ही गोष्ट वेगळी.

हे ऐकून घेणारे भाऊजी म्हणजे टेलरमास्तर. मामा त्यांना 'माझे सहकारी' म्हणत. सहकाऱ्याचं काम म्हणजे टॉर्च धरणं, मान डोलावणं आणि मामांचा कोट दुरुस्त करणं. तो कोट मास्तरांनीच शिवला होता. त्याला चौदा खिसे होते, त्यातला चौदावा गुप्त होता. तो इतका गुप्त निघाला की मामांना तो पहिल्या दिवसानंतर पुन्हा कधी सापडला नाही, आणि त्यात ठेवलेली चष्म्याची डबीही नाही.

मामांची आधीची नोकरी बस कंपनीच्या 'हरवले-सापडले' खिडकीवरची. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही छत्री मालकाला परत गेली नाही. ही छत्री तुमची नाहीच, हे ते समोरच्याला इतकं पटवून द्यायचे की माणूस माफी मागून भिजत घरी जायचा. अशा अनुभवाच्या जोरावर त्यांनी निवृत्तीनंतर गुप्तहेरगिरी सुरू केली होती. आजवर हाती घेतलेल्या केसेस एकोणीस, सुटलेली एकही नाही.

आणि खरं सांगायचं तर मास्तरांनी विसावी केस मामांना दिली होती ती याच भरवशावर.

केस होती सायकलच्या सीटची. सायकल मास्तरांच्या लेकीची, म्हणजे भिंगरीची. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं, आणि आता चोवीस वर्षांची होऊन दातांच्या दवाखान्यात कामाला जायला लागली तरी ते चिकटून राहिलं होतं. दवाखान्यातून सुटली की ती जाड टायरांची डोंगरातली सायकल घेऊन टेकडीवर जायची आणि मिळेल त्या उतारावरून खाली यायची. येत्या रविवारी तिची स्पर्धा होती. स्पर्धेच्या शेवटी एक उतार होता. वर उभं राहून खाली पाहिलं तर रस्ता दिसतच नाही, फक्त आपले बूट दिसतात. सायकलवाले त्याला प्रेमाने 'कडेलोट' म्हणत.

गेल्या वर्षी कडेलोटावर भिंगरी पडली होती. खांद्याचं हाड मोडलं. दुकानात फोन आला तेव्हा मास्तर शर्ट शिवत होते, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी त्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तेव्हापासून ते तिची स्पर्धा बघायला गेले नव्हते, तिथे काय झालं हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एकदा पाहिलं की ते डोळ्यांपुढून हलणार नाही, अशी त्यांना भीती होती.

तर गुरुवारी सकाळी भिंगरीने सायकल दुकानात आणून उभी केली आणि म्हणाली, "बाबा, सीट खाली जात नाहीये. रविवारपर्यंत अगदी तळाशी जात होती. आता चार बोटं वरच अडते. तेल घातलं, दाबून पाहिलं, वर बसून पाहिलं. सायकलच्या दुकानवाल्याकडे टाकावी तर तो लग्नाला गेलाय, सोमवारी येणार."

"आणि सीट खाली गेली नाही तर?"

"तर कडेलोट कसा उतरायचा?"

मास्तरांच्या मनात त्या क्षणी जे आलं ते बापाच्याच मनात येऊ शकतं. सीट अडली तर स्पर्धा अडली, आणि स्पर्धा अडली तर पोरीचं हाड वाचलं. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे काम साध्यासुध्या माणसाचं नाही. मामाला बोलावू."

भिंगरीने बापाकडे जरा वेळ पाहिलं. मग "बरं," एवढंच म्हणून दवाखान्यात गेली.

मामांनी आल्या आल्या सायकलला पांढऱ्या फितीचं सील केलं. "कोणी हात लावायचा नाही! प्रत्येक ठसा बोलका असतो." मग भिंग काढून त्यांनी सीट बघितली, घंटी बघितली, मास्तरांनी बुधवारी दुपारी हौसेने बसवलेला पाण्याच्या बाटलीचा स्टँड बघितला.

"हे काय?"

"बाटली ठेवायला. पोरगी टेकडीवरून येते तेव्हा ओठ सुकलेले असतात हो. मीच बसवला. पाकिटातला एक स्क्रू चिंध्यांत हरवला, पण डब्यात दुसरा मिळाला. कसा घट्ट बसलाय बघा."

"बाटलीचा आणि सीटचा काय संबंध?" मामा म्हणाले. "भाऊजी, तपासात फाटे फोडू नका."

मास्तर पुन्हा कात्रीकडे वळले.

पहिला सिद्धांत दुपारी बाराच्या सुमारास जन्मला. लोखंड उन्हात वाढतं, म्हणजे सीटचा दांडा वाढला! मामांनी मास्तरांकडून दांडा सकाळी मोजून घेतलाच होता. दुपारी सायकल उन्हात ठेवून पुन्हा मोजायला लावला. माप तेच भरलं.

"तेवढाच आहे," मास्तर म्हणाले.

"अर्थातच," मामा म्हणाले. "उन्हात तुमची टेपही वाढली."

दुसरा सिद्धांत असा की ही सायकलच भिंगरीची नव्हे. कोणीतरी तिची उचलून नेऊन तिच्या जागी हुबेहूब जुळी आणून ठेवली आहे. संध्याकाळी भिंगरीने आपल्या सायकलवरचा ओरखडा दाखवला, गेल्या वर्षी पडली तेव्हाचा.

"जुळ्यांचे ओरखडेही जुळे असतात," मामा म्हणाले.

"मामा, आणि या पेडलला लागलेलं माझं रक्त?"

"रक्तगट काय तुझा?"

"बी."

"सायकलचा?"

यावर भिंगरी जेवायला निघून गेली.

शुक्रवारी संशयाची सुई एका गिऱ्हाइकाकडे वळली. बँकेत कामाला असलेले एक उंच गृहस्थ पँटची शिलाई उसवून लांबी वाढवून घ्यायला आले होते. मामांनी दार लावून घेतलं.

"आपली उंची?"

"सहा फूट एक इंच."

"लगेच सांगितलीत. म्हणजे दुसरं काहीतरी लपवताय. बुधवारी दुपारी कुठे होतात?"

"बँकेत."

"साक्षीदार?"

"रांगेतले चाळीस लोक. सगळे चिडलेले."

"उंच माणसाला सीट उंच लागते. खरं की खोटं?"

"अहो, मला सायकल येत नाही."

"पाहिलंत भाऊजी? ज्याला येत नाही त्यालाच हेवा वाटतो!"

गृहस्थ अर्धवट उसवलेली पँट हातात घेऊन निघून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मास्तरांना दिसत होतं; पण त्यांचा जीव गारेगार होता. दोन दिवस संपले होते, सीट एक केसभरही खाली आलेली नव्हती आणि मामा फॉर्मात होते. मास्तरांनी त्या आनंदात मामांना कोटासाठी पंधराव्या खिशाचं वचन दिलं.

संध्याकाळी भिंगरी आली. तिने सीट दाबून पाहिली. सीट ढिम्म.

"मग काय," मास्तर सुईत दोरा ओवत, आवाजात शक्य तेवढी हळहळ आणून म्हणाले, "यंदा स्पर्धा राहू दे आता."

"राहू दे कशी? उंच सीटनेच जाणार."

दोरा सुईच्या बाजूने निघून गेला.

"उंच सीटने चालतं?"

"चालत नाही. पण वर्षभर तयारी केलीय, बाबा. घरी बसून राहू?" मग तिने टेबलाची कड हँडलसारखी दोन्ही हातांनी धरली आणि इस्त्रीचं उंच स्टूल पायाने मागे ओढून घेतलं. "हे बघा. उतार लागला की अंग असं मागे न्यायचं, पार मागच्या चाकावर. सीट खाली असली तर ती पोटाखालून पुढे जाते, काही अडत नाही. वर असली तर..." ती मागे सरकली तशी स्टुलाची कड तिच्या कमरेत बसली आणि ती टेबलावर पुढे पडली. "अशी मागून ढकलते. मग माणूस हँडलवरून सरळ खाली."

"गेल्या वर्षी?" मास्तरांनी विचारलं. विचारायला त्यांना एक वर्ष लागलं होतं.

"गेल्या वर्षी सीट खाली करायलाच विसरले होते घाईत. म्हणून तर पडले."

मास्तर वर्षभर उताराला शिव्या देत होते आणि हाड मोडलं होतं उंच सीटने. दोन दिवस त्यांनी मनोमन जिची पूजा केली, जी खाली येऊ नये म्हणून खिसे शिवायला तयार झाले, तीच ती सीट. त्यांना भयंकर लाज वाटली आणि त्याहून भयंकर भीती वाटली. चपला घालून ते सायकलच्या दुकानापर्यंत गेले, बंद शटरवरची 'सोमवारी उघडेल' ही पाटी दोनदा वाचली आणि परत आले. आता या जगात मामांशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"मामासाहेब," ते हात जोडून म्हणाले, "केस सोडवा हो. खरंच सोडवा."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस केसेसमध्ये असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सील तोडलं गेलं. दोघांनी मिळून सीट दांड्यासकट उपसून काढली, आणि मामांनी उघड्या नळीला डोळा लावला.

"काय दिसतं?" मास्तरांनी विचारलं.

"काळोख. अत्यंत संशयास्पद काळोख."

"टॉर्च लावा ना."

"टॉर्च लावली तर डोळा कुठे लावू? भोक एकच आहे."

आधी टॉर्च, मग डोळा, असंही करून पाहिलं. टॉर्च काढली की उजेडही निघून जायचा. शेवटी मामांनी सहाव्या खिशातून एका बेवारस छत्रीची काडी काढली आणि नळीत सोडली. काडी सुळकन तळापर्यंत गेली. मग दांडा सोडला. दांडा चार बोटं वरच टक्कन थांबला. पुन्हा काडी, पुन्हा दांडा, असं अकरा वेळा झालं.

"काडी जाते, दांडा जात नाही," मामा हळू आवाजात म्हणाले. "याचा अर्थ कळतोय का भाऊजी? आत जे कोणी आहे, ते दांड्याला ओळखतं!"

मास्तर खाली मान घालून काडी पुसत बसले. स्पर्धेला एक दिवस उरला होता.

संध्याकाळी पाच वाजता मामांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. सायकल कटिंगच्या टेबलाला टेकवून उभी होती. सीट घट्ट करायचा खटका मामांनी मुद्दाम उघडा ठेवला होता, अडथळा किती भक्कम आहे हे सिद्ध करायला. आणि त्याच हेतूने ते स्वतः, कोटासकट, सीटवर चढून बसले होते. पाय इस्त्रीच्या स्टुलावर. भिंगरी दाराला टेकून उभी होती, मास्तर हँडल धरून होते. मामांची बहीण ओलं फडकं घेऊन आली आणि सायकलपाशी खाली बसली.

"ताई, समोर बस. हा निर्णायक क्षण आहे."

"तू बोल. मला ऐकू येतंय. हा बाटलीचा स्टँड बघ, चार दिवसांत किती धूळ बसलीय. पोरगी यातलं पाणी पिणार." तिने मशीनच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

मामांनी घसा साफ केला. "गुन्हेगार," ते म्हणाले, "याच खोलीत आहे."

मास्तरांनी चोरून भिंगरीकडे पाहिलं.

"मी सगळ्या शक्यता तपासल्या. ऊन, जुळी सायकल, बँक. शेवटी उत्तर मिळालं ते भाऊजींच्याच धंद्यात. कापड धुतलं की काय होतं?"

"आटतं," मास्तर सवयीने म्हणाले.

"आटतं! या घरात दिसेल ती वस्तू कोण धुतं? धुतलेली बादली पुन्हा कोण धुतं? सोमवारी ही सायकल पाइप लावून कोणी धुतली?"

"मीच धुतली," खालून बहीण म्हणाली. "हा खालचा निघाला बाई. वरचा फारच घट्ट आहे."

"ऐकलंत? कबुलीजबाब! सायकल धुतली, नळी आटली, दांडा अडकला! ताई, रक्ताचं नातं बाजूला ठेवून, जड अंतःकरणाने मी तुला..."

"निघाला!" बहीण म्हणाली.

खाडकन आवाज झाला आणि मामा खाली गेले.

चार बोटंच गेले असतील. पण उंच आवाजात बोलत असताना चार बोटं खाली जाणं ही फार लांबची गोष्ट असते. स्टूल एका बाजूला पडलं, कोट वर राहिला आणि त्याच्या कॉलरमधून मामांचे दोन डोळे दिसत राहिले. उसवलेल्या अस्तरातून काहीतरी टपकन जमिनीवर पडलं. ती चष्म्याची डबी होती.

"केस," आतून बारीक आवाज आला, "सुटली."

भिंगरीने मामांना उतरवलं आणि सीट हाताने वर-खाली केली. सीट लोण्यासारखी तळापर्यंत गेली. तिच्या आईने हातातला स्क्रू उजेडात धरला. चांगला तर्जनीच्या दोन पेरांएवढा होता.

"हा काय सायकलचा स्क्रू आहे? हा माझ्या काजाच्या मशीनचा जुना स्क्रू. एवढा लांब! स्टँड सीटच्याच नळीवर बसवलाय, तिच्यात आरपार आत घुसला असणार. दांडा त्याच्यावरच बसत होता, दुसरं काय? आणि हा सायकलला लावला कोणी?"

काखेत कळसा होता आणि गावभर वळसे घालून झाले होते. मास्तरांनी तो स्क्रू ओळखला. बुधवारी दुपारी सीट वर होती तेव्हा, पोरीला पाणी मिळावं म्हणून, त्यांनी स्वतःच्या हाताने तो पिळून पिळून घट्ट केला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं अचूक घेणाऱ्या माणसाने एका स्क्रूचं माप घेतलं नव्हतं.

"मी लावला," ते म्हणाले. आणि एक कबूल केलंच आहे तर दुसरंही करून टाकावं म्हणून, भिंगरीकडे न बघता बोलले, "मुद्दाम नाही लावला गं. पण सीट अडली तेव्हा मला बरं वाटलं. ती खाली येऊच नये असं वाटत होतं मला. शुक्रवारपर्यंत."

"माहीत होतं मला," भिंगरी म्हणाली.

"कसं?"

"केस हेरमामाला दिलीत तेव्हाच कळलं."

"म्हणजे?" मामांनी विचारलं.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" मास्तर म्हणाले.

"म्हटलं, भीती वाटते तर दोन दिवस वाटू दे. आज मीच सगळी सायकल खोलून बघणार होते." मग ती बापाजवळ आली. "पण आता स्टँडला आखूड स्क्रू सोमवारशिवाय मिळत नाही. उद्या बाटली कशी नेऊ?"

"मामाकडे दे. तो उभा राहील खाली बाटली घेऊन."

"मामा ती पुरावा म्हणून जप्त करेल."

"करावीच लागेल," मामा म्हणाले.

"तुम्ही घेऊन या, बाबा. कडेलोटाच्या पायथ्याशी. आणि डोळे मिटायचे नाहीत."

रविवारी सकाळी मास्तर पायथ्याशी उभे होते. दोन्ही हातांत बाटली होती. शेजारी मामा भिंगातून पंचांवर नजर ठेवून होते. एकेक सायकल वरच्या कडेला यायची, क्षणभर अडखळायची आणि खाली सुटायची. मास्तर प्रत्येक वेळी मनात त्या पोराच्या बापाची आठवण काढायचे. सव्वादहा वाजता कडेला एक लाल शर्ट दिसला. तो त्यांनीच शिवलेला होता.

डोळे मिटावेत असं त्यांना फार वाटलं. तिच्या चेहऱ्याकडे बघण्याची हिंमत होईना, म्हणून त्यांनी नजर नुसती सीटवर ठेवली, मापाच्या खुणेवर ठेवतात तशी. भिंगरी कडेवरून खाली आली, अंग मागे गेलं, पार मागच्या चाकावर, आणि सीट तिच्या पोटाखालून पुढे निघून गेली. मध्ये जागा राहिली. चांगली चार बोटं जागा राहिली. दगड उडाले, धूळ उडाली, आणि एवढ्या उंचावरून एवढं सरळ, एवढं सुंदर कोणी खाली येऊ शकतं हे मास्तरांना पहिल्यांदा कळलं. आपण वर्षभर केवढं काय बघायचं चुकवलं, असं त्यांना वाटलं.

पुढे तिचा अकरावा नंबर आला, पण ते नंतर. आत्ता ती समोर ब्रेक लावून उभी होती, तोंडभर धूळ, तोंडभर हसू, आणि हात पुढे.

"बाबा, पाणी!"

मास्तरांनी बाटली दिली. भिंगरीने ती तोंडाला लावली, उलटी केली, हलवली. बाटली रिकामी होती.

मामांनी ती ताबडतोब ताब्यात घेतली, भिंगाने तळ तपासला आणि म्हणाले, "चोरी. गुन्हेगार इथेच कुठेतरी आहे."

"मीच तो," मास्तर म्हणाले. "तू वर दिसलीस आणि घशाला अशी कोरड पडली गं, की सगळं मीच पिऊन टाकलं." मग बाहीने डोळे पुसत, पण ताठ मानेने ते म्हणाले, "डोळे मात्र उघडे होते."